हक्काची दुसरी प्रत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२००४ साली रमजान ईद आणि दिवाळी पाठोपाठ आल्या होत्या. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. ईदीचे जमलेले आणि आजीकडून वरचे मागून घेतलेले पैसे खिशात घालून तो मला बाजारात घेऊन गेला आणि त्याने कॉम्प्युटरवरचा एक खेळ विकत घेतला. किंमत ९९९ रुपये. दुकानदार भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, पोराच्या हट्टापायी हजार रुपये कशाला घालवता? हाच खेळ ऐंशी रुपयांत देतो." ऐंशी रुपयांचा खेळ म्हणजे चोरून उतरवलेली सीडी, वर स्केचपेनने नाव लिहिलेली. मी नको म्हणालो. त्याला कारण होते. माझ्या एका कवितेच्या चार ओळी त्याच वर्षी कुणीतरी लग्नपत्रिकेवर छापल्या होत्या आणि खाली नाव घातले होते नवरदेवाच्या मामांचे. मानधन मिळत नाही याची कवीला सवय होते, पण नावही गेले की लागते. तेव्हा दुसऱ्याच्या मेहनतीची चोरटी प्रत घरात येणार नाही, असे मी मुलाला बजावून ठेवले होते.

आमच्या गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा शहाणा. तो म्हणाला, "चाचा, एवढी महागाची सीडी रोज वापरू नका. एक जादा प्रत काढून देतो, मूळ कपाटात ठेवा." त्याने प्रत काढून दिली. पण मुलाने कौतुकाने मूळचीच वापरली. तिसऱ्या आठवड्यात धाकटीने ती चकती फरशीवर भोवऱ्यासारखी फिरवली आणि तिच्यावर व्हायचे ते ओरखडे झाले. मग कपाटातली जादा प्रत बाहेर काढली. कॉम्प्युटरने ती गरगर फिरवली आणि पडद्यावर सूचना आली: मूळ सीडी घाला.

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "अब्बा, आपण तर पैसे दिले होते ना?"

ऐंशी रुपयांची सीडी घेतलेल्या त्याच्या वर्गमित्राचा खेळ मात्र बिनबोभाट चालू होता. मराठी घेऊन बी.ए. झालेला माझ्यासारखा माणूस त्या प्रश्नाचा माग काढत कॉम्प्युटरच्या आणि कायद्याच्या इतिहासात बरीच वर्षे भटकला. त्या भटकंतीत हाती लागले ते आज सांगतो.

नकलेचा वाद कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ जुना आहे. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्यापुढे एक खटला आला. जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्रे आणि लेखन एका संपादकाने बारा खंडांत छापले होते. दुसऱ्या एका लेखकाने त्यातली ३५३ पाने उचलून आपले दोन खंडांचे चरित्र सजवले. निकाल त्या लेखकाच्या विरोधात गेला. पण निकाल देताना स्टोरी यांनी विचारलेले प्रश्न टिकून राहिले. किती घेतले? कशासाठी घेतले? घेतल्यामुळे मूळ पुस्तकाच्या विक्रीला किती धक्का बसला? हेच प्रश्न पुढे 'फेअर यूज', म्हणजे न्याय्य वापर, या नावाने अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १०७ म्हणून जाऊन बसले.

त्याच १९७६ साली, फेब्रुवारीत, वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही कष्टाने लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्यातले बहुतेक जण चोरून वापरता, असा त्याचा सूर होता. गेट्स यांची तक्रार खरी होती, हे मी लग्नपत्रिकेच्या अनुभवावरून सांगू शकतो. तोपर्यंत प्रोग्रॅम ही विकत घ्यायची वस्तू आहे, हेच लोकांच्या गावी नव्हते.

मग अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९७८ साली अहवाल दिला. प्रोग्रॅम हेही लेखनच समजावे आणि त्याला कॉपीराइट असावा, असे आयोगाचे म्हणणे पडले. या आयोगात जॉन हर्सी होते; अणुबॉम्बने होरपळलेल्या माणसांवर 'हिरोशिमा' लिहिणारे तेच हर्सी. त्यांनी आपले विरोधी मत नोंदवले. लेखन माणसाशी बोलते, यंत्राच्या पोटात शिरून यंत्र चालवणारा प्रोग्रॅम हा यंत्राचाच एक भाग आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आयोगातल्या या साहित्यिकाचे कुणी ऐकले नाही. पण त्याच अहवालाच्या शिफारशीतून १९८० साली कायद्यात ११७ वे कलम आजच्या रूपात आले आणि त्यात ग्राहकासाठी एक मोलाची गोष्ट होती. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या मालकीची आहे, त्याने जपणुकीसाठी आणखी एक प्रत करून ठेवावी. मूळ प्रत विकली तर जादा प्रतही तिच्याबरोबर द्यावी किंवा नष्ट करावी. आमच्या गल्लीतला पोरगा जे म्हणाला, तेच!

कायद्याने हक्क दिला खरा, पण तो वापरता येऊ नये अशी तजवीज कारखान्यातच होऊ लागली. खेळ तेव्हा फ्लॉपीवर किंवा कॅसेटवर मिळत. फ्लॉपीवर मुद्दाम एखादा भाग वेडावाकडा लिहायचा; साध्या कॉम्प्युटरला तो वाचता येई, पण तसाच्या तसा उमटवता येत नसे. कॅसेटची नक्कल तर कुणीही टेपरेकॉर्डरवर करू शके, म्हणून तिथे वेगळ्या युक्त्या आल्या. १९८५ साली इंग्लंडमध्ये 'स्पेक्ट्रम' या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'एलिट' नावाचा खेळ निघाला. त्याच्या खोक्यात प्लॅस्टिकचे एक लोलकाचे भिंग असे. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे दिसत, भिंग पडद्याला लावून ती वाचायची आणि टाइप करायची. टीव्हीचा पडदा फार मोठा किंवा फार लहान असला की अक्षरे जुळत नसत. काही खोक्यांत तर भिंगच चुकीचे गेले होते. त्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजून घेतलेला खेळ भिंगातून नुसता न्याहाळावा!

आपल्याकडच्या एका पिढीला यातली एक युक्ती आठवत असेल, फक्त ती युक्ती होती हे ठाऊक नसेल. जॉर्डन मेक्नर या तरुणाने एकट्याने लिहिलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ साली अमेरिकेत आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत पोचला. पांढऱ्या कपड्यातला तो राजपुत्र धावतो, उडी मारतो, कड्याला लोंबकळतो. ती चाल इतकी खरी वाटते, कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले होते आणि त्यावरून एकेक चित्र काढले होते. पहिला मजला संपला की एका खोलीत बऱ्याच कुप्या मांडलेल्या असत आणि प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खोक्यात आलेल्या माहितीपुस्तकाचे अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द काढायचा, त्याचे पहिले अक्षर पाहायचे आणि तीच कुपी प्यायची. योग्य कुपी प्यायल्याशिवाय पुढे जाता येत नसे. म्हणजे ती खोली हेच कुलूप आणि पुस्तक ही किल्ली.

आमच्या क्लासमध्ये पुस्तक कुणी पाहिलेलेच नव्हते. खोकेही नव्हते. एका फ्लॉपीवरून दुसरीवर असा तो राजपुत्र गावोगाव फिरत आला होता आणि वाटेत कुणीतरी कुलूप काढून टाकलेले होते. आमच्याकडे कोणतीही कुपी चालायची. आम्ही त्या खोलीचे गूढ अर्थ लावत बसायचो. मी तर तेव्हा त्यावर एक कविताही केली होती. असो.

आता कोर्टातल्या दोन निकालांकडे येऊ, कारण माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यामध्ये कुठेतरी आहे. 'अटारी' कंपनीचे खेळ कार्ट्रिजवर, म्हणजे आत चिप असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, मिळत. एका टपालविक्री कंपनीने कोऱ्या कार्ट्रिजवर या खेळांची नक्कल करणारे यंत्र विकायला काढले आणि ११७ व्या कलमाचा आधार घेतला. १९८३ साली इलिनॉयच्या कोर्टाने ते यंत्र थांबवले. जादा प्रतीची सवलत यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडाने पुसल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे, कार्ट्रिजला तसा धोका नाही, असे कोर्ट म्हणाले. कार्ट्रिज पायाखाली आली, कुत्र्याने चावली, पाण्यात पडली, याचा विचार कोर्टाने केला नाही.

दुसरा निकाल १९८८ चा. व्हॉल्ट नावाची कंपनी 'प्रोलॉक' हे कुलूप विकत असे. फ्लॉपीच्या पृष्ठभागावरच न पुसणारी एक बारीक खूण करायची. तिला त्यांनी नावच 'फिंगरप्रिंट' दिले होते. ती खूण सापडल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचा नाही. कॅनडातल्या क्वेड नावाच्या छोट्या कंपनीने, खूण आहे असे कॉम्प्युटरला भासवणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. व्हॉल्ट कोर्टात गेली आणि हरली. कोर्टाचे म्हणणे मला फार आवडले. जादा प्रतीचा हक्क फक्त यंत्राच्या किंवा विजेच्या बिघाडापुरता नाही. वस्तूला होणारा अपघात आणि माणसाच्या हातून होणारी चूक, यांपासून बचाव करण्यासाठीही तो आहे. आणि जादा प्रत म्हणजे चालणारी प्रत. हा खटला काही खेळापुरता नव्हता, सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होता. फरशीवर सीडी फिरवणारी आमची धाकटी त्या निकालात चपखल बसते.

चारच वर्षांनी, १९९२ साली, ग्राहकाच्या बाजूने आणखी एक निकाल लागला. गलूब नावाच्या खेळणी कंपनीने 'गेम जिनी' हे उपकरण काढले होते. ते निन्टेंडोच्या यंत्राला जोडले की खेळातल्या वीराला जादा आयुष्ये मिळत, उंच उडी मारता येई. निन्टेंडोचे म्हणणे, आमच्या खेळात फेरफार केला. कोर्टाचे म्हणणे असे की, खेळाचे पैसे एकदा चुकते केल्यावर आपल्या घरात, आपल्या करमणुकीसाठी तो कसा खेळायचा ही घेणाऱ्याची बाब आहे. खटला चालू असताना उपकरणाची विक्री बंद ठेवायला लावल्याबद्दल निन्टेंडोला गलूबला दीड कोटी डॉलर भरून द्यावे लागले.

मला स्वतःला सगळ्यांत आवडलेले कुलूप निन्टेंडोचेच आहे. १९९५ साली अमेरिकेत आलेल्या 'अर्थबाउंड' या खेळात असे करून ठेवले होते की, चोरट्या प्रतीवर आधी राक्षसांची संख्या बेसुमार वाढायची, आणि तरीही कुणी चिकाटीने शेवटच्या लढाईपर्यंत पोचलाच, तर ऐन वेळी खेळ गोठायचा आणि आतापर्यंतची सगळी साठवलेली प्रगती पुसली जायची. यात खट्याळपणा आहे, सूडही आहे, पण पैसे दिलेल्याच्या केसालाही धक्का नाही. बाकीची कुलपे अशी नव्हती.

सीडीवरची कुलपे कशी चालत ते पाहिले तर गंमत वाटते. 'सेफडिस्क' नावाचे कुलूप या काळात फार वापरले जाई. चकतीवर काही जागा मुद्दाम सदोष ठेवत. घरगुती रायटरने नक्कल केली की तो दोष तसाच उतरत नसे. खेळ सुरू होताना कॉम्प्युटर आधी तो दोष शोधी. दोष सापडला तर चकती अस्सल, सगळे निर्दोष असेल तर नकली! आमच्या घरातल्या जादा प्रतीचेही असेच काहीतरी झाले असावे.

१९९८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने नवा कायदा केला. त्याचे नाव डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट. तोवर कुलूप लावणारा आणि फोडणारा यांच्यात नुसती चढाओढ चाले. या कायद्याने कुलूप फोडणे आणि फोडायची हत्यारे विकणे हाच वेगळा गुन्हा ठरवला. ११७ वे कलम रद्द झाले नाही, १०७ वेही नाही. जादा प्रतीचा हक्क कागदावर तसाच राहिला. मात्र त्या हक्कापर्यंत नेणाऱ्या दाराला पहारेकरी बसला. २००४ साली, म्हणजे आमच्या घरातल्या प्रकरणाच्याच वर्षी, डीव्हीडीची जादा प्रत काढून देणारा प्रोग्रॅम विकणाऱ्या '३२१ स्टुडिओज' या कंपनीला कोर्टाने विक्री थांबवायला लावली. ग्राहक न्याय्य वापर करत असेलही, पण त्यासाठी हत्यार विकणे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. याच कंपनीने कॉम्प्युटरच्या खेळांची प्रत काढणारा प्रोग्रॅमही बाजारात आणला होता. त्यावर खेळाच्या कंपन्यांनी दावा केला आणि ऑगस्टमध्ये कंपनीला टाळे लागले.

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थांनी प्लेस्टेशनमध्ये अशा चिप बसवून दिल्या होत्या की, जादा प्रती आणि दुसऱ्या देशात विकत घेतलेले खेळही त्यावर चालावेत. सोनीने दावा लावला. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला. प्लेस्टेशनमधले ते कुलूप नक्कल करण्यापासून रोखत नाही, झालेली नक्कल चालवण्यापासून रोखते, आणि हे दोन वेगळे आहे, असे न्यायालयाने बारकाईने दाखवले.

पुढे इंटरनेट आले आणि चकतीवरची खूण शोधण्याऐवजी कंपनीच्या कॉम्प्युटरची परवानगी घेणे सुरू झाले. २००८ साली 'स्पोअर' हा गाजावाजा झालेला खेळ आला. तो फक्त तीन वेळा चालू करून घेता येई. लोक एवढे चिडले की 'अ‍ॅमेझॉन'वर त्याला एकेक तारा देणाऱ्यांची रीघ लागली. शेवटी तीनाचे पाच केले. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' आणले, तेव्हा जुन्या 'सेफडिस्क' कुलपाचा आधार त्यातून काढून टाकला, कारण त्या कुलपाच्या पोटातच सुरक्षेचे भगदाड होते. परिणाम काय? दहा-पंधरा वर्षांपूर्वी रीतसर पैसे देऊन घेतलेल्या अनेक चकत्या, एकही ओरखडा नसताना, नव्या कॉम्प्युटरवर मुक्या झाल्या. चोरट्या प्रतींत ते कुलूपच उरले नव्हते, त्यामुळे त्यांना काही झाले नाही.

इथे मला आजोबांची बयाज आठवते. बयाज म्हणजे आवडलेल्या कविता हाताने उतरवून ठेवायची वही. आजोबा कुणाकुणाची पुस्तके आणून त्यातून उतरवून घेत, कवीची परवानगी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातल्या काही कवींची पुस्तके आज शोधूनही मिळत नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे ते त्या वहीत. जॉर्डन मेक्नर यांनाही याचा अनुभव आला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे मूळ लेखन, म्हणजे खुद्द त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम, त्यांच्याकडून हरवले होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटाच्या मागे एक खोके सापडले, त्यात त्या जुन्या फ्लॉप्या होत्या. जाणकारांना बोलावून, जपून, एकेक फ्लॉपी वाचून घेतली आणि मेक्नर यांनी ते सगळे लेखन जगाला खुले केले. फ्लॉपीवरचे चुंबकत्व हळूहळू उतरत जाते. आणखी काही वर्षे गेली असती तर काय झाले असते कोण जाणे. ज्याने खेळ लिहिला त्याचीही जादा प्रत अशी नशिबाने मिळाली.

अमेरिकेच्या कायद्यात दर तीन वर्षांनी काही सवलती देण्याची सोय आहे. २००३ साली, कालबाह्य झालेल्या फ्लॉपी किंवा यंत्रांवरचे खेळ जपण्यासाठी कुलूप काढायला परवानगी मिळाली. २०१५ साली, कंपनीने आपले सर्व्हर बंद केले तर विकत घेतलेला खेळ चालू ठेवण्यासाठीही मिळाली. पण २०२३ च्या एका अभ्यासात, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असे आढळले. आणि अभ्यासकांना ग्रंथालयातले असे खेळ घरबसल्या पाहता यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. त्याच वर्षी मार्चअखेर युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागे, त्यामुळे घेतलेल्यांच्या हाती नुसते खोके उरले. त्यावरून युरोपात सह्यांची मोहीम निघाली आणि जुलै २०२५ मध्ये सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदाच केला की, नुसता परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा, 'विकत घ्या' असे मोघम लिहू नका.

आपल्या देशात काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. तिच्यातल्या ५२ व्या कलमानुसार, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याने ती हरवू, नष्ट होऊ किंवा खराब होऊ नये म्हणून जादा प्रत केली तर तो गुन्हा नाही. १९९९ च्या दुरुस्तीने, स्वतः रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून खासगी, बिगरधंदेवाईक वापरासाठी प्रत करायलाही मुभा दिली. म्हणजे २००४ साली आमच्या गल्लीतल्या पोराने जे केले ते कायद्याला धरून होते. आणि त्या वर्षी कुलूप फोडण्याविरुद्ध आपल्याकडे कलमच नव्हते. ते आले २०१२ साली, ६५-अ या क्रमांकाने; पण त्यातही आपल्या कायद्याने हेतू पाहिला. मालकाचे हक्क बुडवण्याच्या इराद्याने कुलूप फोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढले तर गुन्हा नाही. मात्र दुसऱ्याला ते काढून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. सरकारी वळणाचा हा नोंदवहीचा आग्रह वाचून मला हसू आले, पण अमेरिकेच्या कायद्यापेक्षा मला तो माणसाळलेला वाटतो.

हे सगळे मुलाला सांगायला मला वीस वर्षे लागली. तो आता पुण्यात नोकरी करतो. मागच्या ईदेला घरी आला तेव्हा कपाट आवरताना ते खोके निघाले. ओरखडे पडलेली मूळ चकती, न चाललेली जादा प्रत आणि ९९९ रुपयांची पावती. मी त्याला ५२ वे कलम समजावून सांगू लागलो. तो ऐकत होता आणि बोलता बोलता ती जुनी चकती शर्टाच्या टोकाने पुसत होता. मग म्हणाला, "अब्बा, ही वाचायला आपल्याकडे सीडीचा ड्राइव्ह तरी आहे का?" नव्हता. धाकटी म्हणाली, तिच्या ऑफिसात एक जुना पडून आहे, ती विचारून बघेल.